रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या : नांदेड-लातूरमध्ये प्रश्न कुठवर आला?

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधल्या किंवा लातूरच्या एखाद्या हृदयरोग दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या रुग्णांना विचारलं, की बरेच जण सांगतात, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.’ पिशवी उलटी केली, तर मात्र तीन वेगळ्या घराण्यांची औषधं बाहेर पडतात. पहिलं घराणं ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं. दुसरं ॲसेनोकुमारॉल आणि वॉरफरिनचं. तिसरं गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आलेल्या डाबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान आणि अपिक्सॅबानचं.

फरक कामाचा आहे. वेगानं वाहणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटला, की आधी रक्तातल्या चपट्या पेशी चिकटतात आणि त्यांची गुठळी होते. हार्ट अटॅक बहुतेक असा येतो. तिथे आणि स्टेंट टाकल्यावर पहिल्या घराण्याचं काम. हृदयाच्या फुगलेल्या, नीट न आकुंचणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहिलं, तर गोठण प्रथिनांची साखळी सुरू होते आणि वेगळ्या जातीची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली, की माणसाच्या अंगावरून वारं जातं. ही गुठळी दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यानं अडवायची असते. तिसऱ्यानं दुसऱ्याची जागा कुठे घेतली, कुठे घेता आली नाही आणि कुठे अजून ठरायचं आहे, एवढाच या लेखाचा विषय.

जुनी गोळी आणि तिची वही

जुन्या गोळीचा उगम गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात सडलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन जनावरं रक्तस्राव होऊन मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातलं द्रव्य शोधलं. त्याच्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आलं. आपल्याकडे याच कुळातलं ॲसेनोकुमारॉल जास्त रुळलं.

ही औषधं ‘के’ जीवनसत्त्वाच्या आड येऊन गोठण प्रथिनं कमी करतात. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव, आणि मधली जागा अरुंद. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं हे सांगणारा आकडा, तपासायचा. साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा, धातूची झडप बसवली असेल तर पुष्कळदा थोडा वर. गोळी तीच, पण कुणाला आठवड्याला तीन दिवस एक आणि चार दिवस अर्धी, कुणाला रोज दीड. हे सगळं एका वहीत लिहिलेलं असतं आणि ती वही हरवली, की पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून हिशेब मांडावा लागतो.

वहीतले आकडे बिघडवायला फार काही लागत नाही. हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू स्वस्त झाली आणि रोज भाजी-भाकरी सुरू झाली, की ‘के’ वाढतं आणि आयएनआर खाली येतो. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू झालं, की तो कोसळतो. जुलाबावर मेट्रोनिडॅझोल दिलं, की उसळतो. ॲसेनोकुमारॉलचा अंमल वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे दोन गोळ्या चुकल्या तरी आकडा हलतो.

यात मराठवाड्याची आपली अशी एक अडचण आहे. कंधार किंवा मुखेड तालुक्यातली पस्तिशीची ऊसतोड करणारी बाई डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास ती टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याकडे जाते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. मधले पाच-सहा महिने पालावर. पहाटे तोड सुरू होते, दिवसभर मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. खाडा केला तर पैसे कापले जातात. या काळात आयएनआर तपासायचा कुठे, आणि वही दाखवायची कुणाला? किनवट-माहूरच्या वाडीवरच्या माणसाचंही थोड्याफार फरकानं असंच आहे; त्याला तपासणीपेक्षा येण्याजाण्याचा खर्च मोठा पडतो.

या त्रासाला कंटाळूनच जगभर पर्याय शोधला जात होता.

नव्या गोळ्यांनी काय सिद्ध केलं

२००९ ते २०१३ या काळात चार मोठ्या चाचण्या झाल्या. विषय एकच : एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून त्यांचं नुसतं थरथरणं. २००९ च्या ‘रीलाय’ चाचणीत १८,११३ रुग्णांवर डाबिगॅट्रान वॉरफरिनशी ताडून पाहिलं गेलं. १५० मिलीग्रामच्या मात्रेनं पक्षाघात सुमारे एक तृतीयांशानं घटले. ११० च्या मात्रेनं तेवढेच राहिले, पण रक्तस्राव कमी झाला. २०११ मध्ये ‘रॉकेट’ चाचणीत रिव्हारॉक्सॅबान वॉरफरिनच्या तोडीचं ठरलं. त्याच वर्षीच्या ‘ॲरिस्टॉटल’मध्ये १८,२०१ रुग्ण होते आणि अपिक्सॅबाननं पक्षाघात २१ टक्क्यांनी, मोठे रक्तस्राव ३१ टक्क्यांनी आणि मृत्यू ११ टक्क्यांनी कमी केले. चौथी चाचणी याच घराण्यातल्या एडॉक्सॅबानची. २०१४ मध्ये चारही चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. रुग्ण ७१,६८३. डोक्यातला रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला होता. पोट-आतड्यातला मात्र सुमारे चतुर्थांशानं वाढला होता.

शिवाय आयएनआर नको, वही नको, भाजीची धास्ती नको.

माझ्या मते आपल्याकडे याहून महत्त्वाची ठरावी अशी चाचणी तुलनेनं दुर्लक्षित राहिली. २०११ च्या ‘ॲव्हेरोज’मध्ये वॉरफरिन झेपणार नाही असं डॉक्टरांना वाटलेले ५,५९९ रुग्ण होते. अर्ध्यांना ॲस्पिरिन आणि अर्ध्यांना अपिक्सॅबान. पक्षाघात निम्म्याहून खाली आले आणि मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक दिसला नाही, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. ‘म्हातारं माणूस आहे, तपासायला कोण आणणार, ॲस्पिरिनवर ठेवू’ हा सहृदय वाटणारा निर्णय त्यानंतर टिकत नाही. झडपा धड असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, बीपी किंवा शुगर असलेल्या आणि लय बिघडलेल्या उदगीरच्या किंवा देगलूरच्या रुग्णासाठी नवी गोळी हीच पहिली निवड, यावर आज फारसं दुमत उरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये डाबिगॅट्रान आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं आणि बाकीची तिन्ही त्याला पर्याय म्हणून नोंदवली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतही डाबिगॅट्रान आलं.

पण इथलं दुखणं वेगळं

खरी गुंतागुंत पुढे आहे. या चारही चाचण्यांनी दोन प्रकारचे रुग्ण मुळातच बाहेर ठेवले होते : मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बऱ्यापैकी किंवा फार अरुंद झालेले, आणि धातूची झडप बसवलेले. युरोप-अमेरिकेत असे रुग्ण थोडे. आपल्याकडे तसं नाही.

लहानपणी घसा दुखून येणारा ताप, मग सांधे सुजणं, आणि त्यातून वर्षानुवर्षं गपचूप जाड-अरुंद होत जाणारी झडप, या संधिवाती हृदयरोगानं गरिबाच्या घरात ठाण मांडलेलं आहे. ४० हून अधिक देशांतल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांची एक नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांपैकी २.२ टक्क्यांना संधिवाती हृदयरोग होता, भारतातल्या ३१.५ टक्क्यांना. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदीत १,५३७ भारतीय रुग्ण होते. त्यांचं सरासरी वय ५५ च्या आसपास आणि त्यातल्या ४७.६ टक्क्यांच्या झडपा संधिवातानं गेलेल्या. पाश्चात्त्य चाचण्यांतलं सरासरी वय सत्तरीचं. आपले रुग्ण त्यांच्याहून कितीतरी तरुण.

लोक सांगतात, ‘वॉल बारीक झाला’, मग ‘फुगा मारला’, मग ‘वॉल बदलला’. बदललेली झडप पुष्कळदा धातूची असते, कारण तरुण वयात ऊतींची झडप लवकर झिजते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली स्वस्त भारतीय झडप पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये बसवली गेली, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात येऊ लागली. राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. पुढच्या वर्षी ती लातूरसह सगळीकडे गेली आणि २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाची झाली. पुणे, सोलापूर, संभाजीनगर, हैदराबाद, जिथे जमेल तिथे जाऊन माणसं झडप बसवून आली. योजनेत काही पाठपुरावा पॅकेजंही होती. पण झडप आयुष्यभराची, आणि तिच्याबरोबरची गोळीही.

या रुग्णांना नवी गोळी द्यावी का, याचं निम्मं उत्तर लवकर मिळालं. २०१३ मध्ये ‘रीअलाइन’ चाचणीत धातूची झडप असलेल्यांना डाबिगॅट्रान दिलं गेलं. गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. २५२ रुग्णांवरच चाचणी थांबली. पुढे महाधमनीच्या एका नव्या धाटणीच्या झडपेवर अपिक्सॅबान आजमावलं, तीही चाचणी २०२२ मध्ये मध्येच बंद करावी लागली. धातूची झडप असेल तर जुनीच गोळी, यात आज वाद नाही. कुणी ‘नवीन आली आहे, तपासणी लागत नाही’ म्हणून परस्पर बदलून दिली, तर झडप अडकू शकते आणि हा धोका जिवावरचा आहे.

इन्व्हिक्टस आणि त्यावरून पडलेले दोन तट

उरले अरुंद झडपेचे, अजून शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण. वाद खरा इथे आहे.

त्यांच्यासाठी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत ‘इन्व्हिक्टस’ ही चाचणी झाली. तिच्या मुख्य संशोधकांत दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन होते. रुग्ण साडेचार हजारांवर, सरासरी वय ५०.५, आणि दर चारांत जवळपास तीन बायका. आपल्या ओपीडीतला चेहरा एवढा हुबेहूब दुसऱ्या कुठल्याच चाचणीत दिसला नव्हता. रिव्हारॉक्सॅबान निदान बरोबरीला तरी येईल अशी अपेक्षा होती. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला तो उलटा. रिव्हारॉक्सॅबानच्या गटात ५५२ मृत्यू, जुन्या गोळीच्या गटात ४४२. जुन्या गोळीनं मोठा रक्तस्राव जास्त झाला, असंही नाही.

पहिला तट म्हणतो, निकाल स्पष्ट आहे. मरण हा सगळ्यात निर्विवाद मापदंड, आणि त्यावर जुनी गोळी सरस ठरली. मेंदूत गुठळी जाऊन झालेले पक्षाघातही तिच्या गटात कमी. चाचणीत आयएनआर काही आदर्श नव्हता; सुरुवातीला जेमतेम तिसरा हिस्सा रुग्णांचा आकडा जागेवर होता, पुढे तो साठ टक्क्यांच्या आसपास गेला. तरीही फायदा दिसला. म्हणजे ‘आमच्याकडे आयएनआर नीट राहत नाही’ ही सबब तितकी पक्की नाही. अमेरिकेच्या २०२३ च्या आणि युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना याच बाजूनं आहेत.

दुसरा तट आकड्यांच्या आत शिरतो. मृत्यूंतला फरक मुख्यतः अचानक हृदय थांबून आणि हृदय निकामी होऊन झालेल्या मृत्यूंचा आहे. गुठळी अडवणाऱ्या औषधानं तो का पडावा, याचा नीट उलगडा होत नाही. एक तर्क असा, की जुन्या गोळीचे रुग्ण आयएनआरसाठी दर महिन्याला येत होते. कुणीतरी त्यांची नाडी, सूज, दम पाहत होतं आणि बाकीची औषधं चालू राहत होती. शिवाय रिव्हारॉक्सॅबान कायमचं सोडून दिलेले रुग्ण कितीतरी जास्त होते. मग फायदा गोळीचा की भेटीचा? आणि भेटीचा असेल, तर वर्षातून एकदा आयएनआर करणाऱ्या बाईला तो मिळणार कसा? या तटाचा आणखी एक मुद्दा : ही चाचणी एका औषधाची, दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीची. दोन वेळा घ्यायच्या डाबिगॅट्रान किंवा अपिक्सॅबानला तोच न्याय लावता येईल का? कोरियातल्या रुग्णनोंदींवरून २०१९ मध्ये निघालेलं चित्र नव्या गोळ्यांना अनुकूल होतं; पण ती नोंद होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. हाँगकाँगमधून डाबिगॅट्रानची अशी चाचणी हाती घेतलेली आहे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर पुराव्याचं पारडं मला पहिल्या तटाकडेच झुकलेलं दिसतं. दुसऱ्या तटाच्या शंका खऱ्या आहेत, पण शंकेवरून औषध बदलता येत नाही. त्यांचा रोख खरं तर औषधापेक्षा व्यवस्थेकडे आहे. बोटाच्या टोकाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी यंत्रं आहेत. ती नांदेडमध्ये विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत असून भागत नाही. ती लागतात मुखेड, किनवट, निलंग्याच्या ग्रामीण-उपजिल्हा रुग्णालयांत आणि ऊस कारखान्यांच्या आरोग्य शिबिरांत.

बाळंतपणाच्या वयातल्या बायकांचा प्रश्न तर दोन्ही घराण्यांना सुटलेला नाही. जुनी गोळी वारेतून बाळापर्यंत जाते आणि पहिल्या तीन महिन्यांत व्यंगाचा धोका असतो. नवी गोळी गरोदरपणात द्यायचीच नाही. उरतं हेपॅरिनचं इंजेक्शन, तेही रोज आणि काटेकोर.

गोळी लिहून दिल्यानंतर

ज्यांना नवी गोळी योग्य आहे, त्यांच्याही अडचणी आहेत. किंमत हा पहिला अडसर आता बराच सैल झाला. रिव्हारॉक्सॅबानचं भारतातलं पेटंट २०२० च्या अखेरीस आणि अपिक्सॅबानचं सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, आणि अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. तरी महिनाभराचा खर्च जुन्या गोळीहून जास्तच, आणि तो बहुतेक घरांत खिशातून जातो. त्यातून ‘पैसे आले की आणू’ ही सवय लागते. जुन्या गोळीत ती आयएनआरमध्ये पकडली जाते. नव्या गोळीचा अंमल बारा ते चोवीस तासांत उतरतो आणि खाडा पडला, हे कोणतीच नेहमीची तपासणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. रिव्हारॉक्सॅबानची १५ आणि २० मिलीग्रामची गोळी भरल्या पोटीच घ्यायची; उपाशीपोटी २० ची गोळी दोन तृतीयांशच अंगी लागते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस संध्याकाळपर्यंत नुसत्या चहा-पाण्यावर काढणाऱ्या मावशीला ‘गोळी रात्रीच्या फराळाबरोबर घ्या’ हे कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्याला इफ्तारनंतरच्या जेवणाबरोबर. अपिक्सॅबानला जेवणाची अट नाही, पण दोनदा घ्यायचं. डाबिगॅट्रानच्या कॅप्सूलला ओल चालत नाही, म्हणून ती मूळ पाकिटातून आयत्या वेळी काढायची. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवायची शिस्त इथे उलटी पडते.

तिसरी मात्रेची. अपिक्सॅबान ५ ऐवजी २.५ देण्यासाठी तीनपैकी दोन निकष लागतात : वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक. आपल्याकडे साठ किलोच्या आतली माणसं पुष्कळ, त्यामुळे एकट्या वजनावरून हात आखडता घेतला जातो. तेवढं पुरत नाही. मूत्रपिंडाकडे मात्र खरंच लक्ष हवं. डाबिगॅट्रान तर ८० टक्के तिथूनच बाहेर पडतं. आणि गावातली कंबरेची सुई! डायक्लोफेनॅकसारखं दुखणं मारणारं औषध आणि रक्त पातळ करणारी गोळी एकत्र आली, की पोटातून रक्त जाण्याची वाट मोकळी होते.

सगळ्यांनाच जुन्यावरून नव्यावर आणावं, असंही नाही. नेदरलँड्समधल्या २०२३ च्या एका चाचणीत पंच्याहत्तरीपुढचे, थकलेले, पण जुन्या गोळीवर चांगले रुळलेले रुग्ण नव्यावर नेले, तेव्हा रक्तस्राव वाढला. ज्याची वही वर्षानुवर्षं नीट आहे, त्याला हलवायची घाई नको.

स्टेंट, अटॅक आणि मधला प्रदेश

स्टेंटही आहे आणि लयही बिघडलेली, अशा रुग्णांना पूर्वी तीन-तीन गोळ्या एकत्र दिल्या जात. २०१९ च्या ‘ऑगस्टस’ चाचणीनं ॲस्पिरिन लवकर थांबवणं सुरक्षित असल्याचं दाखवलं, आणि जपानच्या ‘अफायर’नं वर्षभरानंतर एकटं रिव्हारॉक्सॅबान पुरतं हे. तरीही पिशवीत जुनं ॲस्पिरिन राहून जातं, कारण ‘बंद करा’ असं कुणी लिहीत नाही.

नुसत्या धमनीच्या आजारात २.५ मिलीग्राम रिव्हारॉक्सॅबान दोनदा आणि सोबत ॲस्पिरिन, हा प्रयोग २०१७ च्या ‘कम्पास’मध्ये २७,३९५ रुग्णांवर झाला. हृदयविकारानं मृत्यू, अटॅक, पक्षाघात यांची बेरीज ५.४ वरून ४.१ टक्क्यांवर आली. मोठे रक्तस्राव १.९ वरून ३.१ वर गेले. ज्याचे पाय चालताना भरून येतात, ज्याला शुगर आहे, त्याला फायदा जास्त. पण ही मात्रा लय बिघडलेल्याला पुरत नाही.

इथे एक प्रकार जास्त दिसावा, असं भूगोलच सांगतो. अटॅक आलेला रुग्ण जिथे धमनी उघडण्याची सोय आहे तिथे उशिरा पोचला, तर हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग जातो आणि आतल्या भिंतीवर गुठळी धरते. तिच्यावर नव्या गोळ्या सर्रास वापरल्या जाऊ लागल्या आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये त्यांना वाजवी पर्याय म्हटलं, पण त्यामागच्या चाचण्या लहान आहेत.

अकराव्या घटकाची औषधं

आता चौथं घराणं दाराशी आहे. गोठण साखळीतला अकरावा घटक जन्मतः कमी असलेल्या माणसांना आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो. म्हणून तोच रोखला तर गुठळी अडेल आणि रक्त मात्र वाहणार नाही, अशी कल्पना. पहिला निकाल कडू आला. हा घटक रोखणारं ॲसुन्डेक्सियान अपिक्सॅबानच्या तुलनेत पक्षाघात रोखण्यात फार मागे पडलं आणि एट्रियल फिब्रिलेशनमधली ती चाचणी नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबवावी लागली. तेच औषध पक्षाघात होऊन गेलेल्यांमध्ये दुसरा झटका रोखायला उपयोगी पडल्याचं कंपनीनं २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी याच घराण्यातल्या मिल्व्हेक्सियानची अटॅकनंतरची चाचणी निष्फळ म्हणून बंद झाली. लय बिघडलेल्यांमधली पुढे चालू ठेवली. महिन्यातून एकदा कातडीखाली टोचायचं ॲबेलासिमॅब रिव्हारॉक्सॅबानपेक्षा कितीतरी कमी रक्तस्राव करतं, पण ते पक्षाघात तेवढाच रोखतं का, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. महिन्याला एक सुई आणि तीही आशा कार्यकर्तीच्या भेटीबरोबर जुळवता आली, तर पालावरच्या बाईच्या कामाची ठरेल. मात्र ॲसुन्डेक्सियान आणि मिल्व्हेक्सियानच्या एट्रियल फिब्रिलेशनच्या चाचण्यांनीही अरुंद मायट्रल झडपेचे आणि धातूच्या झडपेचे रुग्ण बाहेरच ठेवले आहेत.